थॉमस स्टीव्हन्स

थॉमस स्टीव्हन्स (जन्म : ग्रेट बर्कमस्टेड, हर्टफर्डशायर, इंग्लंड, २४ डिसेंबर १८५४; मृत्यू : लंडन, २४ जानेवारी १९३५) हे सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले प्रवासी म्हणून ओळखले जातात. २२ एप्रिल १८८४ रोजी त्यांनी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातून प्रस्थान ठेवले आणि १७ डिसेंबर १८८६ रोजी जपानमधील योकोहामा बंदरात हा प्रवास पूर्ण केला. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशिया या तीन खंडांतून त्यांनी सुमारे १३,५०० मैलांचे (सुमारे २१,७०० किलोमीटर) अंतर सायकलीसह कापले. हा प्रवास त्यांनी उंच चाकाच्या जुन्या पद्धतीच्या सायकलवरून आणि बहुतांशी एकट्याने केला. लाहोरपासून कोलकात्यापर्यंतचा त्यांचा मार्ग भारतातून जात असल्याने भारतीय वाचकांसाठी या प्रवासाला वेगळे महत्त्व आहे.

स्टीव्हन्स यांचे चरित्र साहसकथा म्हणून सांगितले जाते. परंतु ते दीर्घ प्रवासाच्या नियोजनाचेही एक उदाहरण आहे. त्यांच्या योजनेचे काही भाग यशस्वी झाले, काही साफ कोसळले. जे कोसळले ते सायकल मोडल्यामुळे किंवा प्रवाशाची शक्ती संपल्यामुळे नव्हे, तर सरहद्दींवर आणि राजकारणात कोसळले. एकट्याने केलेला प्रवास हा केवळ एकट्याच्या बळावर होत नसतो, हे त्यांच्या चरित्रातून ठळकपणे दिसते.

बालपण व स्थलांतर

स्टीव्हन्स यांचा जन्म सामान्य परिस्थितीतील कुटुंबात झाला. बर्कमस्टेड या गावीच त्यांचे शालेय शिक्षण झाले आणि त्यानंतर त्यांनी एका किराणा दुकानदाराकडे उमेदवारी केली. त्या काळात इंग्लंडमधील अनेक कष्टकरी कुटुंबे चांगल्या उपजीविकेच्या शोधात अमेरिकेला जात असत. स्टीव्हन्स १८७१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, अमेरिकेत गेले. पुढे त्यांचे कुटुंबीयही तेथे आले.

अमेरिकेच्या पश्चिम भागात लोहमार्गांचे जाळे वेगाने पसरत होते, खाणी उघडत होत्या. स्टीव्हन्स यांनी वायोमिंगमध्ये रेल्वेशी संबंधित कामे केली, तर कोलोरॅडोत खाणीत काम केले. खाणीत काम करीत असतानाच अमेरिका खंड सायकलवरून ओलांडण्याची कल्पना त्यांच्या मनात आली. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, कोणत्याही संस्थेचे पाठबळ नव्हते आणि सायकल चालवण्याचा अनुभवही नव्हता. अंगमेहनतीची सवय, उघड्यावर राहण्याची तयारी आणि पश्चिमेकडील मुलखाची ओळख एवढेच त्यांचे भांडवल होते.

सायकल

स्टीव्हन्स यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची ‘कोलंबिया’ सायकल विकत घेतली आणि तेथेच सराव केला. या सायकलचे पुढचे चाक ५० इंच (सुमारे १२७ सेंटिमीटर) व्यासाचे होते, तर मागचे चाक अगदी लहान होते. पायटे (पेडल) थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असत. साखळी आणि गिअर यांचा या रचनेत पत्ताच नव्हता. पायट्याच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा होई आणि सायकल सुमारे चार मीटर पुढे जाई. चाक जितके मोठे तितका वेग अधिक, या हिशोबाने ही चाके मोठी केली जात.

या रचनेचे दोष मोठे होते. स्वार पुढच्या चाकाच्या जवळजवळ माथ्यावर बसत असल्याने वाटेत दगड आडवा आला किंवा चाक अचानक थांबले, तर तो डोक्यावरून पुढे फेकला जाई. टायर भरीव रबराचे असल्याने पंक्चरची चिंता नव्हती. मात्र रस्त्यावरचा प्रत्येक खडा अंगाला जाणवे. गिअर नसल्याने चढणीवर सायकल ढकलत न्यावी लागे. उतारावर तर धोका अधिकच. कारण चाकाबरोबर पायटे फिरत राहत आणि साध्या ब्रेकवर पूर्ण भरवसा ठेवता येत नसे. रायगड जिल्ह्यातील खोपोलीहून खंडाळ्याकडे बोरघाट चढून जाणाऱ्या सायकलस्वारांना आज गिअरची सायकल असूनही वळणावळणावर दम लागतो. तोच घाट गिअर नसलेल्या उंच सायकलवरून उतरण्याची कल्पना केली, तर स्टीव्हन्स यांनी सिएरा नेवाडा, बाल्कन आणि आर्मेनियाच्या डोंगरांतून केलेल्या वाटचालीचे स्वरूप ध्यानात येते.

दोन्ही चाके सारख्या आकाराची आणि साखळीने चालणारी ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली बाजारात आली. डनलॉप यांनी हवेचा टायर १८८८ साली तयार केला. म्हणजे सायकल सर्वसामान्यांना सोयीची होण्याच्या अगदी उंबरठ्यावर, परंतु त्या सोयी हाती नसताना, हा प्रवास झाला.

अमेरिका खंडाचा प्रवास (१८८४)

२२ एप्रिल १८८४ रोजी सकाळी ८ वाजता स्टीव्हन्स सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. त्यांच्या सामानात जादा मोजे, एक जादा सदरा, एक पावसाळी अंगरखा आणि एक पिस्तूल एवढ्याच वस्तू होत्या. हा अंगरखा रात्री पांघरूण म्हणून आणि वेळप्रसंगी तंबू म्हणूनही उपयोगी पडे. सायकलवर ओझे लादणे शक्य नव्हते. त्यामुळे एकेका वस्तूने दोन-तीन कामे करावीत, असा त्यामागे विचार होता. अन्न आणि निवारा वाटेतील वस्त्यांवर, शेतघरांवर आणि रेल्वे कामगारांच्या ठाण्यांवर मिळेल, असे त्यांनी गृहीत धरले होते.

पहिली कसोटी सिएरा नेवाडा पर्वतात लागली. रस्ते बर्फाखाली गेले होते. तेथे लोहमार्गावर बर्फ साचू नये म्हणून मैलोगणती लाकडी छपरे उभारलेली होती. स्टीव्हन्स या छपरांखालून सायकल ढकलत चालत गेले. कर्जतहून लोणावळ्याकडे रेल्वेने जाणाऱ्यांना एकामागून एक येणाऱ्या बोगद्यांचा अनुभव असतो. तशाच अंधाऱ्या, धुराने कोंदलेल्या मार्गातून पायी जाताना गाडी आली, की भिंतीला अंग चिकटवून उभे राहण्यावाचून त्यांना गत्यंतर नसे. एकदा उंच रेल्वे-पुलाच्या मध्यावर असताना समोरून गाडी आल्याने त्यांना पुलाच्या कडेच्या तुळईला धरून, सायकल खाली लोंबकळत ठेवून जीव वाचवावा लागला.

पुढे नेवाडा आणि यूटा यांचा वैराण प्रदेश, वायोमिंगमधील रॉकी पर्वताचा भाग, नेब्रास्काची सपाट माळराने आणि आयोवा, इलिनॉय, इंडियाना, ओहायो ही राज्ये ओलांडून ते न्यूयॉर्क राज्यात आले. जुन्या बैलगाड्यांच्या वाटा, लोहमार्गाच्या कडा, कालव्यांचे काठ आणि जेथे असतील तेथे सार्वजनिक रस्ते, अशा मिळेल त्या मार्गाने त्यांनी वाटचाल केली. ४ ऑगस्ट १८८४ रोजी ते बॉस्टन येथे पोहोचले. सुमारे ३,७०० मैलांच्या या प्रवासाला १०३ दिवसांहून थोडा अधिक काळ लागला; त्यांपैकी सुमारे ८३ दिवस प्रत्यक्ष वाटचालीचे होते. एकूण अंतराच्या जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांना पायी चालावा लागला. असे असले तरी अमेरिका खंड सायकलीसह ओलांडणारे पहिले प्रवासी म्हणून त्यांची नोंद झाली.

जगप्रवासाची आखणी

बॉस्टनला पोहोचल्यानंतर स्टीव्हन्स यांनी १८८४-८५ चा हिवाळा न्यूयॉर्क येथे काढला. तेथे ‘आउटिंग’ या मासिकासाठी त्यांनी आपल्या प्रवासाची वर्णने लिहिली. सायकल-उत्पादक अल्बर्ट पोप यांच्याशी या मासिकाचा संबंध होता. उर्वरित जगाचा प्रवास करण्यासाठी मासिकाने स्टीव्हन्स यांना विशेष वार्ताहर म्हणून नेमले. अशा रीतीने दुसऱ्या टप्प्याच्या खर्चाचा प्रश्न सुटला. पहिल्या टप्प्यात स्वतःच्या हिमतीवर काही करून दाखवायचे आणि त्या बळावर पुढच्या टप्प्यासाठी पाठबळ मिळवायचे, हा क्रम पुढील अनेक साहसी प्रवाशांनी अनुसरला.

योजनेतील दुसरी बाब ऋतूंची होती. बर्फाच्या दिवसांत उंच प्रदेशातून सायकल नेणे अशक्य होते. म्हणून वसंत ऋतूत निघायचे, उन्हाळ्यात युरोप ओलांडायचा आणि हिवाळ्यापूर्वी सोयीच्या शहरी पोहोचायचे, असे धोरण ठरले. तिसरी बाब मार्गाची होती. इंग्लंडपासून तुर्कस्तानपर्यंतचा मार्ग जवळजवळ निश्चित होता. त्यापुढे इराण ओलांडून मध्य आशियामार्गे पूर्वेकडे जाण्याचा त्यांचा विचार होता. या भागाची परवानगी मात्र निघताना हाती नव्हती. ही उणीव पुढे महागात पडली.

युरोप आणि तुर्कस्तान (१८८५)

९ एप्रिल १८८५ रोजी ‘सिटी ऑफ शिकागो’ या आगबोटीने स्टीव्हन्स अमेरिकेहून निघाले आणि लिव्हरपूलला उतरले. ४ मे १८८५ रोजी लिव्हरपूलमधील एज हिल येथील चर्चपासून त्यांनी सायकलप्रवास सुरू केला. त्यांना निरोप देण्यासाठी शेकडो लोक जमले होते आणि स्थानिक सायकलस्वार काही अंतरापर्यंत सोबत गेले. वाटेत जन्मगाव बर्कमस्टेड लागले. चौदा वर्षांपूर्वी रोजगारासाठी गाव सोडून गेलेला तरुण आता जगाच्या वाटेवर असताना गावातून गेला.

न्यूहेवनहून खाडी ओलांडून ते फ्रान्समधील दिएप येथे उतरले. फ्रान्स, जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील रस्ते चांगले होते. हंगेरीत इगाली नावाचा एक सायकलस्वार काही काळ त्यांच्याबरोबर होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी खुणांच्या साहाय्याने दोघांनी बराच प्रवास एकत्र केला. पुढे सर्बिया, बल्गेरिया आणि पूर्व रुमेलिया ओलांडून ते इस्तंबूलला, म्हणजे त्या काळच्या कॉन्स्टँटिनोपलला, पोहोचले. येथे विश्रांती घेऊन त्यांनी सायकलीची दुरुस्ती केली व पुढच्या अनिश्चित मुलखासाठी तयारी केली.

आशियाच्या भूमीवर प्रवेश केल्यानंतर प्रवासाचे स्वरूप पालटले. अनातोलिया, आर्मेनिया आणि कुर्दिस्तान या भागांत सायकल हे लोकांनी कधीच न पाहिलेले वाहन होते. गावात शिरताच शेकडो माणसे गोळा होत आणि ती चालवून दाखवण्याचा आग्रह धरीत. थकलेल्या प्रवाशाला अन्न मिळण्यापूर्वी हे प्रदर्शन करावे लागे. हाच कुतूहलाचा विषय त्यांना रात्रीचा निवारा आणि जेवणही मिळवून देई. अनोळखी प्रवाशाला आश्रय देण्याची त्या मुलखातील रीत त्यांच्या प्रवासाचा मोठा आधार ठरली. काही ठिकाणी लूटमारीचे प्रसंगही आले; परंतु ते तुलनेने थोडे होते.

तेहरान येथील मुक्काम

३० सप्टेंबर १८८५ रोजी स्टीव्हन्स इराणची राजधानी तेहरान येथे पोहोचले. हिवाळा जवळ आल्याने त्यांनी तेथेच मुक्काम केला. इराणचे शाह नासिरुद्दीन यांना या वाहनाविषयी उत्सुकता वाटली. स्टीव्हन्स यांनी त्यांच्यासमोर सायकल चालवून दाखवली. शाह यांची मर्जी राहिल्याने इराणमधील पुढील प्रवास काहीसा सुकर झाला.

पुढचा मार्ग ठरवण्याचा प्रश्न मात्र येथेच बिकट झाला. मध्य आशिया आणि सायबेरियातून जाण्यासाठी रशियन सरकारची परवानगी आवश्यक होती आणि ती मिळाली नाही. त्या काळात मध्य आशियात रशिया आणि ब्रिटन या दोन साम्राज्यांत तीव्र स्पर्धा चालू होती. मार्च १८८५ मध्ये पंजदेह येथे रशियन व अफगाण सैन्यांत चकमक झाल्याने दोन्ही साम्राज्ये युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली होती. अशा वेळी सीमेवरून फिरणाऱ्या इंग्रजी भाषक प्रवाशाकडे कोणीही निखळ साहसी म्हणून पाहणे कठीण होते.

अफगाणिस्तानातील अटक (१८८६)

१० मार्च १८८६ रोजी स्टीव्हन्स तेहरानहून निघाले. उत्तरेकडील वाट बंद झाल्याने त्यांनी मशहदनंतर दक्षिणेकडे वळून, अफगाणिस्तान ओलांडून भारतात उतरण्याचे ठरवले. यासाठीही त्यांच्याजवळ अधिकृत परवानगी नव्हती. वाळवंटी प्रदेश ओलांडून ते अफगाण हद्दीत शिरले. परंतु फराह येथे त्यांना अटक झाली. तेथून पहाऱ्यात हेरात येथे नेऊन त्यांना काही काळ ठेवण्यात आले आणि अखेर इराणच्या हद्दीत परत पाठवण्यात आले. अफगाण अधिकाऱ्यांनी त्यांना क्रूरपणे वागवले नाही, पण पुढे जाऊ दिले नाही. एका प्रवाशाचे काही बरेवाईट झाले असते, तर त्याची जबाबदारी आपल्यावर येईल आणि ब्रिटिशांना हस्तक्षेपास निमित्त मिळेल, ही भीती त्या परिस्थितीत निराधार म्हणता येत नाही.

ही अटक म्हणजे संपूर्ण योजनेचा शेवट ठरू शकली असती. भारताची सरहद्द काहीशे मैलांवर असताना स्टीव्हन्स यांना मागे फिरावे लागले. त्यांनी कास्पियन समुद्र ओलांडून बाकू गाठले, तेथून रेल्वेने काळ्या समुद्रावरील बाटुमी आणि पुढे जहाजाने पुन्हा इस्तंबूल असा उलटा प्रवास केला. त्यानंतर सुएझ कालव्याच्या मार्गाने जहाजातून ते कराची बंदरात उतरले. सरळ मार्गाने काही आठवड्यांत जे अंतर कापायचे, त्यासाठी त्यांना अशा प्रकारे अर्ध्या पश्चिम आशियाला वळसा घालावा लागला.

भारतातील प्रवास

कराचीहून रेल्वेने लाहोर येथे जाऊन स्टीव्हन्स यांनी पुन्हा सायकलवर स्वारी केली. तेथून ग्रँड ट्रंक रोडने अमृतसर, दिल्ली, आग्रा, कानपूर, अलाहाबाद आणि बनारस अशी शहरे घेत ते कोलकाता येथे पोहोचले. हा मार्ग प्राचीन असून शेरशाह सूरीच्या काळात त्याची मोठी बांधणी झाली आणि ब्रिटिश अमदानीत तो पक्का करण्यात आला. संपूर्ण प्रवासातील उत्तम रस्त्यांत स्टीव्हन्स यांनी त्याची गणना केली. दुतर्फा झाडे, ठरावीक अंतरावर डाक बंगले आणि सपाट प्रदेश यांमुळे सायकलस्वारासाठी तो आदर्श होता. त्रास झाला तो उष्म्याचा आणि पावसाळी हवेचा.

अमेरिकेत त्यांना रस्ताच नव्हता, इराणात रस्ता होता पण पुढची परवानगी नव्हती, तर भारतात दोन्ही गोष्टी अनुकूल होत्या. परंतु ही अनुकूलता साम्राज्याच्या सत्तेमुळे लाभलेली होती, हेही लक्षात ठेवावे लागते. ब्रिटिश भारतात युरोपीय प्रवाशाला जे संरक्षण आणि ज्या सोयी मिळत, त्या सामान्य भारतीय वाटसरूच्या वाट्याला येत नसत.

चीन आणि जपान

कोलकात्याहून जहाजाने सिंगापूरमार्गे हाँगकाँग येथे जाऊन स्टीव्हन्स ऑक्टोबर १८८६ मध्ये कॅन्टन (आजचे ग्वांगजौ) येथून दक्षिण चीनच्या अंतर्भागात निघाले. हा त्यांच्या प्रवासाचा सर्वांत धोक्याचा भाग ठरला. १८८४-८५ मधील फ्रान्स-चीन युद्धाच्या आठवणी ताज्या होत्या आणि परकीयांविषयी संताप होता. रस्ते म्हणजे भातखाचरांमधून जाणाऱ्या अरुंद फरसबंद पायवाटा होत्या. भाषा येत नव्हती, नकाशे अपुरे होते आणि वाट विचारावी तर गर्दी जमे. एका शहरात संतप्त जमावाने त्यांच्यावर दगडफेक केली. स्थानिक अधिकाऱ्यांनी त्यांना आपल्या कचेरीत आश्रय दिला आणि पहाऱ्यात पुढे रवाना केले, म्हणून ते वाचले. यांगत्से नदीवरील जिउजियांग येथे त्यांचा चीनमधील सायकलप्रवास संपला. तेथून ते बोटीने शांघायला आणि पुढे जपानला गेले.

जपानमध्ये नागासाकी ते योकोहामा हा अखेरचा टप्पा शांततेत पार पडला. १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामा येथे पोहोचल्यावर प्रवासाची सांगता झाली. जानेवारी १८८७ मध्ये ते जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला परतले आणि प्रदक्षिणा पूर्ण झाली.

नियोजनाची वैशिष्ट्ये

स्टीव्हन्स यांच्या प्रवासातून दीर्घ सायकलप्रवासाच्या आखणीची काही सूत्रे स्पष्ट होतात.

* कमीत कमी सामान : जे सायकलवर मावते आणि चढणीवर ढकलता येते तेवढेच सोबत घ्यावे, हे धोरण त्यांनी अखेरपर्यंत पाळले.
* टप्प्यांची विभागणी : अमेरिका हा पहिला, इंग्लंड ते इराण हा दुसरा आणि इराण ते जपान हा तिसरा टप्पा होता. प्रत्येक टप्प्यानंतर विश्रांती, दुरुस्ती आणि पुढील आखणी यांसाठी त्यांनी अवधी ठेवला.
* ऋतुमान : न्यूयॉर्क आणि तेहरान येथील हिवाळी मुक्काम हे वेळेचा अपव्यय नसून योजनेचाच भाग होते.
* लेखन आणि उत्पन्न : वाटेत लिहिलेले वृत्तांत हे खर्च भागवण्याचे साधन ठरले.
* परवानगी : योजनेतील हा सर्वांत दुबळा दुवा होता. रशिया आणि अफगाणिस्तान या दोन्ही ठिकाणी त्याच कारणाने मार्ग बदलावा लागला.
* पर्यायी मार्ग : एक वाट बंद होताच दुसरी शोधण्याची तयारी असल्याने प्रवास अर्धवट राहिला नाही.

‘एकट्याचा प्रवास’ हा शब्दप्रयोगही येथे तपासून पाहण्यासारखा आहे. स्टीव्हन्स यांच्यासोबत कायमचा साथीदार नव्हता. पण अनातोलियातील खेडूत, इराणमधील यजमान, अफगाण पहारेकरी आणि चीनमधील अधिकारी यांच्यावाचून ते योकोहामा गाठू शकले नसते.

ग्रंथलेखन

प्रवासाचा वृत्तांत ‘अराउंड द वर्ल्ड ऑन अ बायसिकल’ या नावाने दोन खंडांत प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्को ते तेहरान हा पहिला खंड १८८७ मध्ये आणि तेहरान ते योकोहामा हा दुसरा खंड १८८८ मध्ये आला. सायकलप्रवासावरील आरंभीच्या महत्त्वाच्या ग्रंथांत त्याची गणना होते. निरीक्षणातील बारकावा, विनोदबुद्धी आणि अडचणींविषयी तक्रारीचा सूर नसणे, ही त्याची वैशिष्ट्ये आहेत.

या ग्रंथाच्या मर्यादाही आहेत. आशियातील लोकांविषयी लिहिताना त्या काळच्या पाश्चात्त्य वरिष्ठतेच्या भावनेतून लेखक सुटलेला नाही. ज्यांच्या घरी अन्न-निवारा घेतला त्यांच्या चालीरीतींची थट्टा तो करतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील समाजजीवनाचे साधन म्हणून हा ग्रंथ वाचताना लेखकाची दृष्टी वेगळी काढून पाहावी लागते.

उत्तरायुष्य

जगप्रवासानंतर स्टीव्हन्स वार्ताहर म्हणून प्रसिद्धीस आले. आफ्रिकेच्या अंतर्भागात गेलेल्या हेन्री मॉर्टन स्टॅन्ली यांचा शोध घेण्यासाठी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राने त्यांना पूर्व आफ्रिकेत पाठवले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी रशियातून घोड्यावरून प्रवास केला आणि १८९१ मध्ये त्याचे वर्णन ग्रंथरूपाने प्रकाशित केले. भारतातील फकीर आणि त्यांचे चमत्कार या विषयातही त्यांनी रस घेतला व त्यावर व्याख्याने दिली.

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी विवाह केला. उत्तरायुष्यात ते लंडनमधील गॅरिक नाट्यगृहाच्या व्यवस्थापनात होते. २४ जानेवारी १९३५ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची जगप्रसिद्ध सायकल पोप कंपनीने जपून ठेवली होती. परंतु दुसऱ्या महायुद्धात युद्धसाहित्यासाठी भंगार धातू गोळा करण्याच्या मोहिमेत ती देऊन टाकण्यात आली.

अग्रक्रमाविषयी

स्टीव्हन्स यांना सायकलवरून जगप्रदक्षिणा करणारे पहिले प्रवासी मानले जाते, ते काही मर्यादा गृहीत धरून. इराणच्या पूर्व सीमेपासून लाहोरपर्यंतचा भूभाग त्यांना सायकलने ओलांडता आला नाही. समुद्रप्रवास अपरिहार्य होता. अनेक ठिकाणी सायकल चालवण्याऐवजी ढकलावी वा उचलून न्यावी लागली. दक्षिण गोलार्धात ते गेले नाहीत. असे असूनही त्यांच्यापूर्वी कोणीही सायकलीसह पृथ्वीला फेरी घातल्याची नोंद नसल्याने त्यांचा अग्रक्रम सर्वसाधारणपणे मान्य झाला आहे.

मुंबईतील सायकलप्रवाशांची परंपरा

स्टीव्हन्स यांच्यानंतर सुमारे चार दशकांनी सायकलवरून जगप्रवास करण्याची परंपरा मुंबईत निर्माण झाली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो पूर्ण केला आणि १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईला परतले. सुमारे ७१,००० किलोमीटरच्या या प्रवासावरील त्यांच्या ग्रंथाला पंडित जवाहरलाल नेहरू यांची प्रस्तावना लाभली.

जानेवारी १९२४ मध्ये क्रीडापत्रकार फ्रामरोज दावर हे मुंबईहून एकटेच निघाले. व्हिएन्ना येथे त्यांना गुस्ताव या ऑस्ट्रियन सायकलस्वाराची साथ मिळाली. दोघांनी मिळून सहारा, अँडीज आणि अॅमेझॉनचे खोरे अशा दुर्गम प्रदेशांतून वाटचाल केली. दावर १९३१ मध्ये मुंबईला परतले. त्यानंतर केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ यांनी १९३३ ते १९४२ या काळात जगप्रवास केला. यांपैकी दावर यांची सुरुवात स्टीव्हन्स यांच्याप्रमाणेच एकट्याने झाली, हे विशेष. मात्र एक मूलभूत फरक होता. स्टीव्हन्स यांना ब्रिटिश साम्राज्यात जन्मसिद्ध स्थान होते, तर मुंबईच्या या तरुणांना परतंत्र देशाचे रहिवासी म्हणून जगासमोर उभे राहावे लागले.

मुंबईहून पनवेल, चौक, खालापूर आणि खोपोलीमार्गे बोरघाट चढून पुण्याला जाणारा जुना रस्ता पुढे मुंबई-पुणे सायकल शर्यतीमुळे महाराष्ट्रात प्रसिद्ध झाला. या शर्यतीत घाट सर्वप्रथम चढणाऱ्या स्पर्धकाला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवले जाते. लांबच्या प्रवासाची तयारी करणारे सायकलस्वार आजही कर्जत-खालापूर परिसरातील रस्त्यांवर आणि या घाटात सराव करताना दिसतात. गिअर, हवेचे टायर आणि भ्रमणध्वनीवरील नकाशे आज त्यांच्या हाताशी आहेत. परदेशाच्या सरहद्दीवर लागणारे प्रवेशपत्र आणि अनोळखी दारी मिळणारा रात्रीचा आसरा या दोन गोष्टी मात्र स्टीव्हन्स यांच्या काळाप्रमाणे आजही दुसऱ्याच्याच हाती असतात.